खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची, हे आधी ठरवा

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या तांबड्या कोंबडीनं खुराड्याच्या कोपऱ्यातली बुट्टी धरली. आज उठेल, उद्या उठेल म्हणत मी तिच्याकडं लक्षच दिलं नाही. नीट बसवलीही नाही आणि उठवलीही नाही. बाकीच्या कोंबड्या रोज तिच्याच बुट्टीत अंडी घालत राहिल्या आणि ती सगळी पोटाखाली ओढून घेत राहिली. महिनाभरानं तीन पिल्लं निघाली आणि त्यांना घेऊन ती उठली. मागं सोळा अंडी राहिली. टाकायच्या आधी एक फोडून बघितलं, तर आत पिसं फुटलेलं, चोच आलेलं पिल्लू होतं, थंड पडलेलं. कोंबडी हातात घेतली तर छातीचं हाड सुरीसारखं बोटाला लागत होतं.

तेव्हापासून परड्यातली कुठलीही कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसली, की दोन दिवसांत मी निर्णय घेते. तिला बसवायची असेल तर रीतसर बसवायची, नाहीतर उठवायची. नुसत्या बुट्टीवर किंवा गोळा झालेल्या मिसळीच्या अंड्यांवर तिला तशीच सोडून देण्यात कोंबडीचं, अंड्यांचं आणि आपलं, तिघांचंही नुकसान होतं.

खुडूक झालीय हे ओळखायचं कसं

अंडं घालायला बसलेली कोंबडी तासा-दोन तासांत उठते, ओरडून गल्ली जागी करते आणि दाणे टिपायला जाते. खुडूक कोंबडी उठत नाही. जवळ गेलं की पिसं फुलवून दुप्पट होते, हात घातला तर टोच मारते आणि घशातून खुड्-खुड् असा आवाज काढत राहते. तुरा फिका पडतो. दिवसातून एकदा बाहेर येते तेव्हा एकदम मोठी, घाण वासाची शीट टाकते, घाईघाईनं चार दाणे उचलते आणि परत जाते.

खात्री रात्री होते. अंधार पडल्यावर बाकीच्या दांडीवर चढतात, ही बुट्टीतच असते. तेव्हा अलगद तिच्या पोटाखाली हात सरकवा. छातीखालची पिसं गेलेली आणि कातडी उघडी, कढत लागली, तर ती पक्की खुडूक. अंड्याला अंगाची ऊब थेट मिळावी म्हणून तिथली पिसं निघून जातात.

हा आजार नाही आणि हट्टही नाही. गावठी कोंबडी साधारण बारा-पंधरा अंड्यांचा एक हप्ता घालते. मग तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी बंद होतात आणि बसण्याची ओढ लागते. दिवस मोठा होणं, उबदार अंधारी जागा आणि डोळ्यांसमोर साठलेली अंडी या तीन गोष्टी त्या ओढीला जोर देतात. म्हणून दिवसातून दोनदा अंडी उचललीत तर खुडूक होण्याचं प्रमाण कमी होतं. पूर्ण थांबत नाही.

जातीचाही फरक पडतो. गावठी आणि असील बसायला पक्क्या. कडकनाथचा भरवसा कमी. वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जाती क्वचितच बसतात आणि बसल्या तरी मधेच उठून जातात. त्यांची अंडी उबवायची असतील तर ती गावठीच्या पोटाखाली ठेवा. मात्र या जाती संकरातून आलेल्या असल्यानं निघणारी पिल्लं आईसारखीच निपजतील असं नाही.

बसवायची की नाही

मी चार गोष्टी बघते. कोंबडा आहे का, महिना कुठला, कोंबडी अंगानं भरलेली आहे का, आणि पिल्लांसाठी कोरडी, बंद जागा आहे का.

कोंबडा नसेल तर अंडी रिकामी असतात, त्यांतून काही निघत नाही. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांचंही तेच. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. नवीन कोंबडा आणलात तर आठवडाभर थांबून मगची अंडी बसवायला ठेवा.

महिन्याबाबत माझं मत ठाम आहे. कोल्हापूर भागात दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत रवण, म्हणजे कोंबडी अंड्यांवर, बसवावं. हवा कोरडी असते, थंडी बेताची असते आणि पिल्लं जगतात. दिवाळीच्या सुमाराची पिल्लं आखाडापर्यंत आठ महिन्यांची होतात, आणि आखाडात गावठी कोंबड्याला काय मागणी असते ते इथं सांगायची गरज नाही. जून ते ऑगस्टमध्ये मी शक्यतो बसवत नाही. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळ्याकडं तर भिंतीसुद्धा घाम गाळतात. खालचं पिंजर (भाताचा पेंढा) ओलं राहतं, अंड्यांना बुरशी धरते आणि निघालेली पिल्लं रक्ती हगवणीनं जातात. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असेल. रवणावरची कोंबडी टोपलीसकट उचलून न्यायची वेळ येते आणि अंडी हमखास गार पडतात. एप्रिल-मेमध्ये बसवता येतं, पण पत्र्याखाली नाही.

बारीक, उवा पडलेली किंवा नुकतीच आजारातून उठलेली कोंबडी अजिबात बसवू नका. बसल्यावर ती आणखी वाळते.

उठवायची असेल तर

गावात जुने उपाय चालतात. कोणी गार पाण्याच्या बादलीत बुडवतं, कोणी नाकात पीस खुपसतं, कोणी पाय बांधून उपाशी ठेवतं. यातलं काही करू नका. नाकातल्या पिसानं जखम होते, पावसाळ्यात भिजवलेली कोंबडी गारठून बसते, आणि उपाशी ठेवलेल्या कोंबडीचा अंड्याचा हप्ता उलट लांबतो. तिला नको त्या वेळी आई व्हावंसं वाटलं, म्हणून तिचे हाल कशाला?

तिच्या पोटाला लागणारी ऊब काढून घेतली की काम होतं. तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या, तो चार विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून वारा लागेल. आत पिंजर नको, पोतं नको, कोपऱ्यात अंधार नको. पाणी आणि रोजचं पोटभर खाणं मात्र हवंच, लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, तयार खाद्य मिळालं तर उत्तम. पिंजरा उजेडात, बाकीच्या कोंबड्या दिसतील असा ठेवा. पावसात सोप्यात घ्या, उन्हाळ्यात झाडाच्या सावलीत.

तीन-चार दिवस तिला रात्रंदिवस तिथंच राहू द्या. मग सकाळी सोडून बघा. माती उकरत बाकीच्यांत मिसळली आणि संध्याकाळी दांडीवर चढली तर सुटली. सरळ बुट्टीकडं पळाली तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात. पहिल्याच दिवशी लक्षात आलं तर लवकर उठते. आठवडाभर बसून मुरलेली कोंबडी जास्त दिवस घेते. उठल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती परत अंड्यावर येते. बसवली असती तर एकवीस दिवस उबवण आणि वर पिल्लांमागं दोन-अडीच महिने, म्हणजे तीन महिने अंडं नाही. हा हिशोब एकदा मांडला की कुठल्या कोंबडीला उठवायचं ते आपोआप कळतं.

बसवायची असेल तर: अंडी आधी

माझ्या अनुभवात रवण फसण्याचं निम्मं कारण अंड्यांत असतं. कोंबडीला दोष देण्याआधी अंडी बघा.

थंडीत सात दिवसांच्या आतली अंडी घ्या, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतली. उन्हाळ्याच्या उकाड्यात खोलीत ठेवलेल्या अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि तिथंच मरतो. म्हणून अंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडं पाण्याच्या माठाशेजारी वाळू भरलेला परळ असतो. त्यात अंडी टोकाची बाजू खाली करून उभी ठेवते आणि वाळूच्या कडेला पाणी शिंपडते. फ्रिजमधली अंडी नकोत.

अंडं मध्यम आकाराचं घ्या. फार मोठं, गोल, सालपट खरखरीत किंवा तडकलेलं बाजूला काढा. शीट लागलेलं अंडं धुऊ नका. सालावर नैसर्गिक थर असतो, तो धुतला गेला की जंतू आत शिरतात. थोडी माती असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि जास्त घाण असेल तर ते अंडं घरात खायला घ्या.

संख्या कोंबडीच्या अंगावर ठरते. गावठीला दहा-बारा पुरे. थंडीच्या दिवसांत आणि पहिल्यांदा बसणाऱ्या तलंगेला आठ-दहाच द्या. अंडी विषमच असावीत असं आज्जी म्हणायच्या, त्याला माझ्याकडं आधार नाही. माझा नियम एकच आहे: कोंबडी बसल्यावर एकही अंडं बाहेरून दिसता कामा नये. कडेला दिसणारं अंडं रोज बदलतं आणि एकेक करून सगळीच गार पडतात.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली आणि तारीख लिहा. शाईचा पेन नको. पुढं दुसऱ्या कोंबडीनं आत येऊन अंडं घातलंच, तर बिनखुणेचं अंडं त्याच दिवशी उचलता येतं. माझ्या त्या सोळा अंड्यांवर फुली असती तर ती वाया गेली नसती.

जागा आणि टोपली

रवणाची जागा बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी, अंधारी आणि वर्दळ नसलेली हवी. मांजर, मुंगूस, घूस, साप आत येणार नाहीत इतकी बंद हवी. अर्धा इंची जाळी लावा, कारण मोठ्या जाळीतून साप सहज येतो.

साधारण सव्वा फूट रुंद बुट्टी किंवा जुनी पाटी घ्या. तळाला दोन इंच ओलसर माती दाबून तिला बशीसारखा खोलगटपणा द्या, म्हणजे अंडी मधोमध राहतात आणि खालून थोडा दमटपणा मिळतो. त्यावर चुलीची चाळलेली राख पसरा, मग कोरडं भाताचं पिंजर हातानं चुरून ठेवा. गुऱ्हाळावरची चिपाडं वापरायचा मोह आवरा. ती लवकर बुरशी धरतात आणि त्यातल्या साखरेनं मुंग्या येतात.

मुंग्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यांनी माझं एक आख्खं रवण खाल्लं. विसाव्या दिवशी अंड्याला चोचीचं भोक पडलं की त्यातून ओल आणि वास बाहेर येतो. एका पहाटे मी टॉर्च मारला तर भिंतीपासून टोपलीपर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग होती आणि ती थेट त्या भोकात जात होती. पिल्लू आत चिवचिवत होतं. तेव्हापासून टोपली स्टुलावर ठेवते आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. कोंबडीला चढ-उतर करायला फळी लावली तर मुंग्या तिच्यावरूनच येतात, म्हणून स्टूल बुटकं घ्या, वीतभर उंचीचं. वाट्यांतलं पाणी रोज बघा.

उवा आणि रात्री अंगावर चढणाऱ्या बारीक तांबड्या किडी हा दुसरा शत्रू. रवणावरची कोंबडी मातीत फारशी लोळत नाही, त्यामुळं किडी वाढतात आणि शेवटी ती अंडी सोडून पळते. बसवायच्या आधी पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं विंचरून बघा. पिंजरात कडुनिंबाचा किंवा निगडीचा पाला घाला. उवा आधीच दिसल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून कोंबड्यांसाठीची पावडर आणा, लावा आणि कोंबडी मोकळी झाल्यावरच बसवा. उसाची किंवा भाजीची फवारणी करायचं औषध टोपलीत टाकू नका. त्यानं निघालेली पिल्लं मरतात.

बसवण्याची रात्र

दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागेकडं पळते, म्हणून काम अंधारात करा. नव्या टोपलीत आधी खोटी अंडी ठेवा. टेबल टेनिसचे चेंडू चालतात, दोन-तीन पोल्ट्रीची अंडीही चालतात. कोंबडीला दोन्ही हातांनी पंख दाबून उचला, उचलताना पंखाखाली अडकलेलं अंडं नाही ना हे बघा, आणि टोपलीसमोर ठेवून तिची तिला आत जाऊ द्या. वरून डालगं (बांबूची मोठी टोपली) झाका.

दोन दिवस ती शांत बसली तर तिसऱ्या रात्री खोटी अंडी काढून खरी एकदम ठेवा, म्हणजे पिल्लं एकाच वेळी निघतात. रोज दोन-दोन अंडी टाकत गेलात तर पिल्लंही मागंपुढं निघतील आणि कोंबडी पहिल्यांना घेऊन उठेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. सोमवारी रात्री बसवली तर तीन आठवड्यांनी सोमवारीच पिल्लं, एखादा दिवस मागंपुढं. बदकाची अंडी ठेवली असतील तर अठ्ठावीस दिवस धरा.

एकवीस दिवस

रोज एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, कोंबडी उठली पाहिजे. खायला अख्खी ज्वारी, मका, गहू द्या. पातळ भरडा खाल्ला तर शीट पातळ होते आणि टोपली घाण होते. पाणी टोपलीपासून चार पावलांवर ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत ती परत येते. अर्धा तास लागला तरी घाबरू नका, मधेच थोडं गार होणं अंड्यांना सोसतं. स्वतःहून न उठणारी कोंबडी रोज हळूच उचलून बाहेर ठेवा, नाहीतर ती टोपलीतच घाण करते. बाहेर आली की माती आणि राख मिसळलेल्या खड्ड्यात तिला लोळू द्या. शेजारच्या काकी एकदा बघून म्हणाल्या, "आगं, अंडी गार पडत्याली की, बसीव तिला आत!" मी नाही बसवली. त्या लोळण्यानंच तिच्या अंगावरच्या उवा झडतात.

सातव्या रात्री अंडी तपासा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंड्याची रुंद बाजू भोकावर धरा. आत कोळ्यासारखा काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या तांबड्या शिरा दिसल्या की जीव धरलाय. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी माझ्या मुलाला झोपेतून उठवून दाखवलं. ठिपका चक्क हलत होता. काहीच न दिसणारं, आरपार पिवळं अंडं रिकामं, ते काढा. शिरांऐवजी एकच तांबडं कडं दिसलं तर जीव मेलेला, तेही काढा. ठेवलं तर नासून फुटतं आणि बाकीच्या अंड्यांवर घाण उडते. चौदाव्या रात्री परत बघा. तेव्हा जवळजवळ आख्खं अंडं काळं आणि रुंद बाजूला हवेची रिकामी जागा दिसते. एकाच रात्री दोन कोंबड्या बसवल्या असतील तर सातव्या दिवशी रिकामी काढून उरलेली एकीखाली घालता येतात आणि दुसरीला नवी अंडी देता येतात.

उन्हाळ्यात टोपलीभोवती ओलं गोणपाट लटकवा, अंड्यांवर पाणी ओतू नका. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी कान जवळ नेला तर आतून टकटक आणि बारीक चिवचिव ऐकू येते, आणि कोंबडीही हळू आवाजात उत्तर देते.

पिल्लं निघताना

भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला कधी कधी पूर्ण दिवस लागतो. साल सोलून मदत करू नका. आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात, ओढलं की रक्त येतं. पिवळा बलक पोटात ओढून घ्यायचं कामही त्याच वेळी चालू असतं. त्या बलकावर पिल्लू दोन दिवस काही न खाता जगतं, म्हणून पहिली पिल्लं निघाली तरी कोंबडीला उठवायची घाई नको. रिकामी टरफलं तेवढी काढत चला. बाविसाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत न निघालेली अंडी उचला.

पिल्लं आणि आई

पहिलं पाणी उथळ परळात, त्यात खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. गूळपाणी द्यायचं असेल तर पहिल्या दिवशी फिकं द्या आणि सांडलेलं लगेच पुसा, परत मुंग्यांचाच प्रश्न. खायला चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, सर्वांत चांगलं. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पिल्लं जगतात पण वाढत नाहीत. आईलाही तेच खाऊ द्या, ती वाळलेली असते.

पहिले दोन-तीन आठवडे कोंबडी आणि पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. घार आणि कावळा एका झडपेत पिल्लू नेतात. दोन कोंबड्यांची पिल्लं एकाच वेळी निघाली तर रात्री एकीची पिल्लं दुसरीच्या पंखाखाली सरकवा. पंधरा-सोळा पिल्लं एक चांगली आई सांभाळते. मात्र हे पहिल्या दोन दिवसांतच करा, नंतर ती परकी पिल्लं टोचून मारते. मोकळी झालेली कोंबडी लवकर अंड्यावर येते.

मानमोडीनं (राणीखेत रोगानं) गावातल्या गावात पिल्लं साफ झालेली मी बघितली आहेत. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, पुढं देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस, असा साधारण क्रम असतो. नेमकं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून लिहून घ्या. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत वापरावी लागते. म्हणून आमच्या गल्लीत आम्ही चार घरांनी एकाच आठवड्यात रवणं बसवायचं ठरवलंय. बर्फाच्या थर्मासमध्ये एकच बाटली येते आणि सकाळच्या गारव्यात चारही घरची पिल्लं उरकतात.

सहा-आठ आठवड्यांनी आई पिल्लांना टोच मारून हाकलायला लागते, रात्री एकटीच दांडीवर चढते आणि तिचा तुरा परत लाल होतो. त्या दिवसापासून पिल्लांची रात्रीची जागा वेगळी करा आणि तिच्या बुट्टीत ताजं पिंजर घाला.